मराठवाड्यात कुटुंबासोबत फिरताना शाकाहारी जेवण: कुठे थांबावं, काय मागवावं, बिल कसं तपासावं

वेरूळ-अजिंठा, तुळजापूर, औंढा-परळी, नांदेड, पैठण. मराठवाड्यात येणारी बहुतेक कुटुंबं यांपैकीच कुठेतरी निघालेली असतात. शाकाहारी जेवण इथे जागोजागी मिळतं. अडचण येते ती वेळ चुकल्यामुळे, तिखटाचा अंदाज नसल्यामुळे आणि पाटीवरचे शब्द वाचून भलत्या जागी उतरल्यामुळे. आजोबांची गोळी जेवणानंतरची, नातवाला भूक अनावर, आणि समोर चाळीस भाज्यांचं मेनूकार्ड, अशा वेळी घाईत मागवलेलं निम्मं ताटात उरतं. ते टाळायचं तर पुढच्या क्रमाने जा.

१. गाडीत काय ठेवायचं

- जाड बुडाचा एक रिकामा डबा आणि दोन-तीन स्टीलच्या वाट्या (उरलेलं घ्यायला, मुलांना वेगळं वाढायला)
- घरचं पाणी, माणशी निदान दोन लिटर, उन्हाळ्यात तीन
- साखर-मीठ किंवा ओआरएसची पाकिटं
- दशम्या किंवा धपाटे, एका वेळेला पुरतील इतके
- छोट्या डबीत तूप. तिखट झालेलं पोरांचं जेवण यावर निभावतं
- सुट्टे पैसे आणि थोडी रोकड. हायवेवर रेंज गेली की यूपीआय अडतं
- हात पुसायचे ओले रुमाल, साबणाची लहान वडी
- ज्येष्ठांच्या औषधांची यादी आणि वेळा

धपाट्यांबद्दल थोडं. ज्वारीच्या पिठात बेसन आणि थोडी कणीक घालून, तीळ-ओव्याचे, दही न घालता केलेले धपाटे दिवसभर चांगले राहतात. काकडी किंवा कांदा घातलेले मात्र उन्हाळ्यात दुपारपर्यंतच संपवा.

२. आधी वेळ ठरवा, मग हॉटेल

रस्त्यावरच्या हॉटेलात तंदूर साधारण साडेअकराच्या पुढे तापतो. दुपारचं जेवण बारा ते तीन. साडेतीनच्या सुमाराला आचारी विश्रांतीला जातात आणि सातपर्यंत चहा, भजी, फार तर डोसा यावर भागवावं लागतं. म्हणून "पुढच्या गावात बघू" असं म्हणत तीन वाजवू नका. सगळ्यात चांगली वेळ बारा ते साडेबारा: गर्दी कमी, भाज्या सकाळच्या, भाकरी करायला मावशी हजर.

ठिकाणांचंही गणित आहे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ लेणी मंगळवारी. संभाजीनगरहून वेरूळ साधारण तीस किलोमीटर, त्यामुळे लेणी पाहून शहरात परतून जेवता येतं. अजिंठा शंभरएक किलोमीटर. तिथे खासगी गाडी फर्दापूर तिठ्याजवळ सोडून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, आणि लेणी बघायला तीन तास सहज जातात. सकाळी भरपेट नाश्ता करून आत जा किंवा बाराच्या आधीच जेवून घ्या. "आत काहीतरी मिळेल" यावर लहान मुलांना घेऊन विसंबू नका.

श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ इथे, आणि शारदीय नवरात्रात तुळजापूरला मंदिराजवळच्या हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही. मिळाली तरी घाईचं, अर्धंकच्चं जेवण समोर येतं. अशा दिवशी दर्शनाआधी गावाबाहेर, पाच-दहा किलोमीटर अलीकडे जेवून घ्या. सोलापूरहून तुळजापूरला येणाऱ्यांनी (पंचेचाळीस किलोमीटर) सोलापुरातूनच खाऊन निघालेलं बरं. परळी आणि अंबाजोगाई एकाच दिवशी करणारे, मधलं अंतर पंचवीसएक किलोमीटर असल्यामुळे, गर्दी पाहून दोन्हींपैकी कुठेही थांबू शकतात.

३. पाटी नीट वाचा

नवखी माणसं पहिल्यांदा इथेच फसतात. "फॅमिली रेस्टॉरंट" याचा अर्थ शाकाहारी नव्हे. "फॅमिली गार्डन" असं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक "परमिट रूम" किंवा "बार" लिहिलेलं असेल, तर संध्याकाळनंतर तिथलं वातावरण मुलाबाळांसाठी नसतं, जेवण कितीही चांगलं असो. दुपारी एकवेळ चालेल. रात्री पुढे निघा.

"प्युअर व्हेज" म्हणजे स्वयंपाकघरातच मांसाहार नाही. "व्हेज-नॉनव्हेज" पाटीच्या हॉटेलात भाजी शाकाहारी असते, पण तंदूर, कढई आणि तळणीचं तेल सामायिक असू शकतं. मंचुरियन आणि पकोडे ज्या तेलात तळतात त्यातच चिकनही तळलेलं असू शकतं. घरात कोणी हे कडक पाळणारं असेल तर अशा ठिकाणी बसूच नका. आणि बसायची वेळ आलीच तर तळलेलं आणि तंदुरी सोडून तव्यावरची पोळी, साधं वरण, भात, दही एवढंच घ्या.

पाकीटबंद वस्तूंवर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहाराची खूण आता तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे. काउंटरवरची बिस्किटं-केक मुलांना देताना हे बघा. केकमध्ये अंडं असू शकतं.

पार्किंगमध्ये ट्रकपेक्षा कुटुंबांच्या गाड्या आणि एसटी थांब्यावरचे गावकरी जास्त असतील तर ती चांगली खूण. गर्दी असलेल्या ठिकाणी भाजी पडून राहत नाही.

४. बसण्याआधी पाच प्रश्न

आधी घरातल्या एकानेच आत जाऊन बघावं, सगळ्यांना गाडीतून उतरवून नंतर परत चढवायला लावू नये. वेटरदादाला किंवा गल्ल्यावर विचारा:

"भाकरी आत्ता मिळेल का, किती वेळ लागेल?"
"तिखट वरून घालता की मसाल्यातच असतं?"
"थाळी आहे का? लिमिटेड की अनलिमिटेड?"
"कमोड आहे का?" आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.
"पिण्याचं पाणी जारचं की टाकीचं?"

मग स्वच्छतागृह आणि हात धुवायची जागा बघून या. बेसिनवर साबण नाही आणि फरशी चिकट आहे, तर आतही तीच तऱ्हा असणार.

५. काय मागवायचं

मेनूकार्डात पनीरच्या पंधरा भाज्या असतात आणि बाहेरून आलेलं कुटुंब त्यांतल्याच तीन मागवतं. स्वयंपाकघर कसं चालतं ते लक्षात घेतलं तर हे बदलावंसं वाटेल.

सकाळी दोन-तीन पातेली ग्रेव्ही करून ठेवलेली असते. लाल म्हणजे कांदा-टोमॅटोची, काळी म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची, पांढरी म्हणजे काजू आणि मगज (टरबूज-खरबुजाच्या बिया) यांची. ऑर्डर आली की कढईत फोडणी, वर एक पळी ग्रेव्ही, थोडं पाणी, मग पनीर किंवा भाज्या. पनीर मसाला आणि मिक्स व्हेज यांची चव सारखी लागते ती यामुळेच. काळ्या ग्रेव्हीत तिखट आधीच मुरलेलं असतं, म्हणून शेवभाजी किंवा व्हेज कोल्हापुरी "कमी तिखट" करा म्हटलं तर वरून साय किंवा साखर पडते, तिखट कमी होत नाही. पनीरही पाहून घ्या: बोटाने दाबल्यावर मऊ लागायला हवं. रबरासारखं ताणलं जात असेल तर बाजूला ठेवा. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात लहान ढाब्यावर पनीर न मागवलेलंच बरं.

ज्या वस्तू ऑर्डरनंतरच चुलीवर चढतात त्या मागवा. मराठवाड्यात त्यांची कमतरता नाही.

पिठलं-भाकरी. पिठलं दहा मिनिटांत होतं आणि आधी करून ठेवत नाहीत, कारण गार झालं की घट्ट गोळा होतो. मुलांना आणि वयस्करांना "पातळ पिठलं, मिरची कमी" सांगा. मोठ्यांना कोरडा झुणका, सोबत ठेचा. ठेचा वेगळ्या वाटीत मागा, ताटात वाढू देऊ नका. त्याचं पाणी पसरलं की मुलाच्या भातालाही तिखट लागतं.

भाकरी. इथली रब्बीची ज्वारी पांढरी, गोडसर. भाकरी मऊ होते. थंडीत बाजरीची मिळते. चांगली भाकरी तव्यावरून आल्यावर फुगलेली असते, वरचा पापुद्रा बोटाने उचलला की वाफ येते. दहा मिनिटांत ती वातड व्हायला लागते, म्हणून सगळ्यांच्या भाकऱ्या एकदम मागवू नका. आता वेळेचा हिशोब करा: एका तव्यावर एक भाकरी तीन-चार मिनिटं घेते. सहा माणसांच्या आठ भाकऱ्या म्हणजे जवळपास अर्धा तास. त्यामुळे बसल्याबरोबर सगळ्यात आधी भाकरी सांगा, भाज्या नंतर ठरवा. उलट केलंत तर भाज्या गार होतात आणि वेटरशी वाद होतो.

वरण, आमटी. लातूर भाग तुरीचा. निलंग्याकडच्या बोरसुरीच्या डाळीचं वरण मिळालं तर सोडू नका. नुसती डाळ, हळद, मीठ, जिरं आणि लसणाची फोडणी एवढ्यावरही त्याची चव उभी राहते. काही खानावळींत येसर आमटी असते. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ. आमटी दाट, झणझणीत. आधी एकच वाटी मागवून चाखा.

भरली वांगी, भरीत. भरीत ऑर्डरीवर भाजलं जातं का हे विचारा. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास हवा. मिक्सरमधून काढलेला गुळगुळीत लगदा हे भरीत नव्हे.

नाश्त्याला सुशीला मिळाली तर आधी तीच घ्या. मुरमुरे भिजवून पिळून, डाळव्याचं आणि शेंगदाण्याचं कूट घालून परततात. तिखट कमी, पोटाला हलकी, लहान मुलं आवडीने खातात. पण गरम असतानाच खा, नंतर लगदा होतो. हिवाळ्यात, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, शेतावर हुरडा पार्ट्या असतात. तिथे माणशी दर ठरलेला असतो. त्यात जेवण धरलं आहे का आणि मुलांना अर्धा दर आहे का, हे फोनवरच विचारा.

गोडाला कुंथलगिरीचा पेढा घ्या; खवा ताजा असेल तर दाताला चिकटत नाही. बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी मोसमात असेल तर हॉटेलातल्या गुलाबजामऐवजी रस्त्यावरून फळच घ्या.

६. किती मागवायचं

चार मोठी, दोन लहान मुलं असं कुटुंब धरू. पहिल्या फेरीत पातळ पिठलं एक, वरण किंवा दाल तडका एक, भाजी एक, भाकऱ्या चार, तव्यावरच्या पोळ्या चार, दही दोन वाट्या. एक फुल प्लेट भाजी दोन-तीन माणसांना पुरते. भात दुसऱ्या फेरीत, दोघांत एक प्लेट. पापड आणि सलाड मागवू नका. मुलांचं पोट पापडानेच भरतं, आणि चिरून ठेवलेली काकडी किती वेळची आहे ते कळत नाही. कांदा-लिंबू मागा, समोर चिरून देतात.

थाळी घेताना दोन गोष्टी पक्क्या करा. अनलिमिटेड थाळी दोघांत वाटता येत नाही. वाटलेली दिसली की दुसऱ्या ताटाचे पैसे लावतात. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी थाळी घेऊ नका, वरण-भात वेगळा घ्या, स्वस्तही पडतो. आणि गाडीचा ड्रायव्हर असेल तर त्याची ऑर्डर सगळ्यात आधी द्या. तो उपाशी राहून पुढचे दोनशे किलोमीटर गाडी चालवणार असेल तर ते कोणाच्याच हिताचं नाही.

७. शेंगदाणा आणि इतर अॅलर्जी

हे गंभीरपणे घ्या. मराठवाड्याच्या स्वयंपाकात शेंगदाणा सगळीकडे आहे: चटणीत, आमटीत, भरल्या वांग्यात, सुशीलेत, कित्येक ठिकाणी तेलातही. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलासाठी "शेंगदाणा नको" एवढं वेटरला सांगणं पुरत नाही, कारण कूट वाटणात आधीच मिसळलेलं असतं. आत जाऊन आचाऱ्याशी बोला, साधा भात आणि दही, तेही वेगळ्या चमच्याने वाढायला सांगा, किंवा त्याचं जेवण घरून न्या. काजूची अॅलर्जी असेल तर पांढरी आणि "शाही" ग्रेव्ही टाळा. तीळ आणि कारळ यांच्या चटण्याही इथे नेहमीच्या.

८. उपवास आणि कांदा-लसूण नसलेलं

उपवासाचं मागताना भांडं वेगळं आहे का विचारा. साबुदाणा खिचडी बऱ्याच ठिकाणी मिळते. भगर-शेंगदाण्याची आमटी मंदिरांच्या गावात मिळते. इथे एक इशारा: भगरीचं सुटं पीठ दमट जागी राहिलं की त्यावर बुरशी धरते, आणि नवरात्र-महाशिवरात्रीच्या सुमारास त्यातून विषबाधेच्या घटना मराठवाड्यात घडल्या आहेत. हॉटेलात भगरीच्या पिठाच्या भाकऱ्या-थालीपीठ टाळा, अख्ख्या भगरीचा गरम भात खा.

जैन जेवणासाठी मेनूकार्डातलं "जैन" पुरेसं नाही. तयार ग्रेव्हीत कांदा-लसूण असतोच, त्यामुळे त्याच पातेल्यातून भाजी काढून वर "जैन" म्हटलेलं असू शकतं. मुगाचं वरण हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं, जिरा राईस, दही हे नवीन करायला सोपं, तेच मागा. पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

९. नांदेडला असाल तर लंगर

सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारात लंगरात शाकाहारी जेवण मिळतं, कोणालाही, विनामूल्य. डोकं झाका (रुमाल मोठ्यांना आणि मुलांनाही), चपला काढा, हात धुवा, पंगतीत जमिनीवर बसा. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी सेवेकऱ्यांना आधीच सांगावं. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, ताटात टाकायला लावायचं नाही. लागेल तेवढंच घ्या आणि ताट स्वच्छ करून उठा. लहान मुलांना पोळी अर्धीच मागायला शिकवा. जेवणानंतर भांडी घासायला हात लावता येतो.

१०. पाणी आणि पार्सल

मराठवाड्यात पाणी मोलाचं आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून पेला भरून ठेवून तसाच सोडू नका. मुलांना अर्धा पेला द्या, लागलं तर पुन्हा मागा. सीलबंद बाटली घेतली तर सील बोटाने फिरवून बघा. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. भाव आधी विचारा किंवा शेजारच्या किराणा दुकानातून आणा.

पार्सल उन्हाळ्यात दोन तासांच्या आत संपवा. दही, पनीर, खोबऱ्याची चटणी आणि भात लवकर नासतात. धपाटे, कोरडी चटणी, भाकरी टिकतात. गरम भाजी प्लास्टिकच्या पिशवीत भरू देऊ नका, तुमचा स्टीलचा डबा पुढे करा.

११. बिल तपासा

पोळ्या आणि भाकऱ्या मोजा. वेटर अंदाजाने लिहितात, कधी दोन जास्त होतात. मग हे बघा:

- जीएसटी ५ टक्के: बिलात २.५ टक्के केंद्राचा, २.५ टक्के राज्याचा. हजार रुपयांच्या जेवणावर पन्नास रुपये.
- जीएसटी क्रमांक पंधरा आकडे-अक्षरांचा, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. क्रमांक नाही आणि तरी कर लावलाय, तर भरू नका. कंपोझिशन योजनेतलं (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी जीएसटी योजना) हॉटेल ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही.
- सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायम ठेवल्या. बिलात आला असेल तर काढायला सांगा.
- चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्नसुरक्षा परवान्याचा) बिलावर हवा.

तक्रार असेल तर तिथेच मालकाशी शांतपणे बोला, बहुतेक वेळा रक्कम कमी करून देतात. नाही ऐकलं तर बिलाचा आणि वादातल्या पदार्थाचा फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बिल फाडून टाकू नका. रात्री मुक्कामी कोणाचं पोट बिघडलं, तर कुठे काय खाल्लं हे डॉक्टरांना सांगायलाही तेच उपयोगी पडतं.